पंडिता रमाबाई : कामातील उपासना

आदिलाबादसारख्या सीमेवरच्या जिल्ह्यात मराठी ग्रंथ जपणाऱ्या वाचकांना पंडिता रमाबाईंची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या अंगावर उठलेल्या वादांची कीर्तीही ठाऊक आहे. मात्र त्या वादांच्या गलबल्यात रमाबाईंनी आयुष्यातील शेवटची पंचवीस वर्षे नेमके काय केले, हे पाहायचे बहुधा राहून जाते. धर्मांतर केलेली विदुषी येथवर आपण येतो आणि थांबतो. त्या विदुषीने पुढे धान्याची कोठारे कशी भरली, माग कसे बसविले, छापखाना कसा चालविला, आणि ही सर्व खटपट तिच्या लेखी देवाच्या उपासनेहून वेगळी का नव्हती, हा त्यांच्या चरित्राचा गाभा आहे. प्रस्तुत लेखाचा रोख त्या गाभ्याकडे आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या कुशीतील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित होते. स्त्रीने देववाणी शिकू नये, या समजुतीच्या काळात त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले आणि त्यापायी पंडितांच्या सभेत जाब देण्याचा प्रसंग ओढवून घेतला. रमाबाईंची पहिली गुरू त्यांची आई. पहाटे घरची कामे उरकण्याआधी ती माऊली निजलेल्या मुलीला उठवून श्लोक पाठ करून घेत असे. पुढे घरदार सोडून हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले आणि गावोगाव पुराणे सांगत देशभर हिंडले. मिळालेली दक्षिणा देवळांत नि ब्राह्मणभोजनात जाई. स्नान, जप, उपवास, प्रदक्षिणा यांत दिवस सरत. मुलीला भागवत मुखोद्गत झाले. परंतु हाताने कमवायचा एकही उद्योग त्या घरात कोणाला येत नव्हता.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला आणि या विद्वान कुटुंबाची दैना झाली. या दिवसांची हकीकत रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवली आहे. उरलेसुरले दागिने विकून त्यांनी अनुष्ठाने केली. ती संपली, अन्नही संपले, देव काही प्रसन्न झाला नाही. भीक मागणे कुळाच्या अभिमानाला सोसवेना, मजुरी करणे तर त्याहून सोसवेना. वृद्ध अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचे ठरविले, तेव्हा थोरला भाऊ श्रीनिवास पुढे झाला आणि मी हलके काम करीन, मजुरी करीन, पण हे नको, असे त्याने वडिलांना विनविले. वडिलांनी ते मानले. मात्र शरीर तोवर थकले होते. वडील गेले, काही महिन्यांत आई गेली. आईच्या तिरडीला खांदा देण्यास चौथा माणूस मिळाला नाही, म्हणून रमाबाई स्वतः पुढे झाल्या; उंची कमी पडत असल्याने त्यांनी तो भार डोक्यावर घेतला. पाठोपाठ थोरली बहीणही गेली.

श्रीनिवासच्या त्या विनवणीपाशी वाचकाने क्षणभर थांबावे, असे मला वाटते. पंडिताच्या मुलाने मजुरीचे नाव काढावे आणि पंडित पित्याने त्याला होकार द्यावा, यात एका जुन्या जगाची भिंत पडली. पूजा एका बाजूला आणि हातांचे काम दुसऱ्या बाजूला, त्यातही पहिली उच्च व दुसरे हीन, ही ती भिंत. रमाबाईंच्या पुढच्या आयुष्यातील कितीतरी निर्णयांची मुळे मला या दुष्काळात दिसतात.

भाऊ-बहीण उत्तरेकडे चालत निघाले. काश्मीरपर्यंत गेले, कडाक्याच्या थंडीत पांघरूण नसल्याने नदीकाठच्या वाळूत खड्डे करून त्यांनी रात्री काढल्या. १८७८ साली ते कलकत्त्यास पोचले. तेथील विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. (जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील आणि आता निर्मल जिल्ह्यात मोडणाऱ्या बासरच्या सरस्वतीचे दर्शन घेणाऱ्या आपल्या वाचकांना ही दुसरी पदवी विशेष जवळची वाटेल.) १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जातीबाहेरचा आणि प्रांताबाहेरचा हा विवाह दोन्ही समाजांना रुचला नाही. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत बिपिनबाबू पटकीने गेले. चोवीस वर्षांची विधवा लहानग्या मुलीला घेऊन पुण्यास आली.

पुण्यातील त्या वर्षाची हकीकत थोडक्यात सांगून पुढे जाऊ. आर्य महिला समाजाची स्थापना, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक, आणि हंटर शिक्षण आयोगापुढील साक्ष हे सर्व १८८२ मधलेच. स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात, ही मागणी त्यांनी त्या साक्षीत केली. स्वतः वैद्यक शिकावे, या हेतूने १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येऊ लागल्याने तो बेत पुढे सोडावा लागला.

इंग्लंडमध्ये वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीसंघाकडे त्यांचा मुक्काम होता. तेथील भगिनींनी त्यांना लंडनजवळच्या फुलहॅम येथील आपले एक आश्रयगृह दाखविले. समाजाने टाकलेल्या, वाट चुकलेल्या स्त्रियांना तेथे ठेवून घेतले जाई, त्यांची सेवा केली जाई. रमाबाई त्या दृश्याने हलून गेल्या. आपल्याकडे अशा स्त्रीला गावाबाहेर काढतात; येथे काही बायका तिच्यासाठी आपले आयुष्य देतात, आणि ते देणे हाच त्यांचा धर्म आहे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. शोमरोनी स्त्रीशी येशू विहिरीवर बोलतो ती योहानाच्या शुभवर्तमानातील कथा त्यांनी या सुमारास वाचली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आपल्या मुलीसह बाप्तिस्मा घेतला. वादविवादात हरून किंवा तत्त्वज्ञानाने जिंकली जाऊन ही विदुषी ख्रिस्ती झाली, असे कोणी समजू नये. सेवेत रमलेल्या स्त्रियांचे हात पाहून तिच्या मनाने पहिला कल घेतला.

नवा धर्म त्यांनी घेतला, पण स्वतःची बुद्धी कोणाच्या हवाली केली नाही. गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा वर्षानुवर्षे पत्रांतून वाद चालू होता. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असे त्यांनी विचारले. शाकाहार सोडला नाही. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवीत. तेथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याची गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली, आणि रमाबाईंना ती हरकत मुळीच पटली नाही. पुण्याच्या शास्त्र्यांपुढे न वाकलेली मान धर्मगुरूंपुढेही वाकली नाही, हे त्यांच्या टीकाकारांनी क्वचितच लक्षात घेतले.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या आणि सुमारे तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये निघाले; त्याच्या विक्रीतून आणि व्याख्यानांतून पैसा उभा राहिला; विधवांच्या शाळेला दहा वर्षे मदत देण्यासाठी बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. परत आल्यावर अमेरिकेच्या लोकस्थितीवर त्यांनी १८८९ मध्ये मराठीत पुस्तक लिहिले. ग्रंथप्रेमी वाचकाने ते अवश्य चाळावे. तेथील शाळा, ग्रंथालये, स्त्रियांच्या संस्था, व्यापारउदीम यांची माहिती त्यांनी ज्या बारकाईने दिली आहे, तीवरून संस्था उभारणाऱ्या माणसाची नजर कशी असते ते कळते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. सदनात दाखल झालेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह करून त्या आनंदीबाई कर्वे झाल्या, आणि हिंदूच राहिल्या. सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही, असे ठरले होते. रमाबाई मात्र आपल्या खोलीत रोज प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली जाऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये यावरून गहजब झाला. ‘केसरी’ने झोड उठविली, रानडे-भांडारकरांसारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडले, पंचवीसच्या आसपास मुली पालकांनी काढून नेल्या. या प्रकरणाचा निवाडा देणे आजही सोपे नाही. ज्यांनी विश्वासाने लेकी सोपविल्या त्या पालकांना फसविल्यासारखे वाटले असेल, तर त्यांना दोष देता येत नाही. दुसऱ्या बाजूला, जिचे उठणे-बसणे हीच प्रार्थना झाली आहे, तिने ती दार लावून कशी करावी? श्रद्धा ही देव्हाऱ्यापुरती वस्तू असती, तर दार लावता आले असते. रमाबाईंच्या बाबतीत तसे राहिले नव्हते. मराठी समाज आणि रमाबाई यांच्यात त्या वर्षी पडलेले अंतर त्यांच्या हयातीत भरून आले नाही, ही दोन्ही बाजूंची हानी होय.

बोस्टनची मदत दहा वर्षांचीच होती. ती संपल्यावर संस्था स्वतःच्या पायावर उभी राहावी, म्हणून रमाबाईंनी पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली आणि फळझाडे लावली. झाडे वाढत होती, तोच १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातील उपासमारीच्या बातम्या वाचून त्यांना स्वतःचे कोवळे वय आठवले. वर्धेच्या पलीकडचा आपला शेजारी चांदा जिल्हा तेव्हा त्याच मध्य प्रांतात मोडत असे. रमाबाई तिकडे गेल्या, सरकारी मदत-छावण्यांतून आणि रस्त्यांवरून त्यांनी अनाथ मुली व तरुण विधवा गोळा केल्या. सुमारे तीनशे जणींना त्यांनी आश्रय दिला. पुण्यात त्या वेळी प्लेग होता. नव्या मुली शहरात ठेवण्यास मनाई झाली, म्हणून केडगावच्या माळावर झोपड्या उभ्या राहिल्या. पुण्याच्या प्लेग व्यवस्थेत स्त्रियांची जी हेळसांड होत होती, तिच्यावर रमाबाईंनी १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रातून जाहीर टीका केली. गव्हर्नर सँडहर्स्ट यांच्या सरकारला ती झोंबली आणि पार्लमेंटपर्यंत तिचे पडसाद गेले. ख्रिस्ती झाली म्हणून ही बाई सरकारची झाली नव्हती. १८९८ मध्ये मुक्ती सदनाची रीतसर स्थापना झाली. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळात आणखी शेकडो मुली आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार माणसे म्हणजे एक लहानसे गाव. त्या गावाला रोज जेवण हवे, वस्त्र हवे, औषध हवे, पाणी हवे. येथे रमाबाईंनी जे केले ते मराठी मुलखात त्याआधी कोणी स्त्रीने इतक्या प्रमाणावर केले नव्हते. शेती, दूधदुभते, कापड विणणे, शिवणकाम, तेलाची घाणी, धुणे, रांधणे, आजाऱ्यांची शुश्रूषा, लहानांना शिकविणे ही सर्व कामे स्त्रियांनी शिकायची आणि स्त्रियांनीच चालवायची, असा नेम झाला. कोणते काम कोणत्या जातीचे, हा प्रश्न तेथे कोणी विचारायचा नव्हता. सदनातील जुन्या मुलींनी नव्या आलेल्यांना सांभाळायचे, त्यांच्या अंगावरची खरूज-गळवे धुवायची, त्यांना बसायला-बोलायला शिकवायचे. उपाशी राहिलेली मुले हट्टी, भेदरलेली, प्रसंगी चोरटी असतात. त्यांना माणसांत आणणे हे पुस्तकी धर्मशिक्षणाहून कठीण काम होते, आणि रमाबाई त्यालाच धर्मशिक्षण समजत. दृष्टी नसलेल्या स्त्रियांसाठी वेगळी सोय झाली. मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून त्यांना वाचावयास शिकविले. पतित म्हणून टाकलेल्यांसाठी कृपा सदन झाले. फुलहॅम येथे पाहिलेले ते घर आता केडगावच्या माळावर उभे होते.

सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होत. रविवारी मोठ्या मंदिरात उपासना होई. १९०५ मध्ये तेथे भक्तीची एक विलक्षण लाट आली. मुली रात्र-रात्र प्रार्थना करू लागल्या आणि दूरदेशींच्या ख्रिस्ती पत्रांतून त्याची वर्णने छापली गेली. परदेशी लेखक या लाटेवर पानेच्या पाने लिहितात. माझ्या मते मुक्ती सदनाचे खरे रूप त्या रात्रींपेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी माग, घाणी आणि चुली पुन्हा सुरू झाल्या, त्यात पाहावे. दळताकांडताना देवाला सोबत घेणारी जनाबाई, मळ्यातच विठ्ठल पाहणारा सावता माळी, चिखल तुडविणारा गोरोबा यांच्या परंपरेत वाढलेल्या मराठी वाचकाला हे परके वाटू नये. ही तुलना रमाबाईंना स्वतःला मान्य झाली असती की काय, याविषयी शंका घेता येईल. ख्रिस्तावरील आपली निष्ठा त्या एकमेव मानीत आणि तीत कसलेही मिश्रण त्यांना खपत नसे.

या साऱ्या कामांत ग्रंथालयाच्या सभासदांना सर्वांत जिव्हाळ्याचे वाटावे असे काम छापखान्याचे. बायबलचे मराठी भाषांतर पूर्वीपासून होते. सेरामपूरच्या मिशनऱ्यांपासून त्याची परंपरा चालत आली होती. रमाबाईंच्या मते त्यातील भाषा खेड्यातील अशिक्षित स्त्रीला पेलणारी नव्हती, शिवाय वेदान्ताच्या छायेतील अनेक शब्द मूळ अर्थ झाकून टाकीत होते. भाषांतरावरून भाषांतर करून त्यांना समाधान होईना. वयाच्या पंचेचाळिशीनंतर, दोन हजार माणसांचा संसार सांभाळीत, कान जवळजवळ बंद झालेल्या अवस्थेत, त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला आणि सबंध बायबल मुळावरून मराठीत आणावयास घेतले. खिळे जुळविणे, मुद्रिते तपासणे, छापणे, बांधणी करणे ही कामे सदनातील स्त्रियांनी केली. काही वर्षांपूर्वी ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्या हातांनी देवनागरीबरोबर हिब्रू आणि ग्रीक खिळेही हाताळले.

या भाषांतराविषयी विद्वानांचे मत फारसे अनुकूल नाही, हे सांगितले पाहिजे. मुळाशी शब्दशः इमान राखण्याच्या हट्टामुळे वाक्ये ठिकठिकाणी अडखळतात. मराठीचा ओघ तुटतो. संस्कृतात सहज काव्य करणाऱ्या, ‘स्त्रीधर्मनीति’त प्रौढ संस्कृतप्रचुर गद्य लिहिणाऱ्या पंडितेने आपली सारी अलंकृत भाषा येथे मुद्दाम बाजूला ठेवली. मंडळींमध्ये हे भाषांतर रूढ झाले नाही. तरीही एका स्त्रीने मूळ भाषांतून केलेले सबंध बायबलचे भाषांतर ही जगाच्या इतिहासातही दुर्मिळ गोष्ट आहे. ते कोणासाठी केले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या ओबडधोबडपणाचाही उलगडा होतो. चुलीपाशी बसलेल्या बाईला समजावे, एवढी एकच कसोटी त्या वापरीत होत्या. देवाशी बोलण्याची भाषा आणि घरात बोलण्याची भाषा यांत अंतर असू नये, असा तो आग्रह होता. त्यासाठी साहित्यिक कीर्ती गमावण्याची त्यांची तयारी होती.

रमाबाईंच्या कार्याचा एक धागा आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानातही गुंतला आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात निजामाच्या राज्यातील गुलबर्गा येथे मुलींची शाळा काढण्यात आली आणि तिच्या उभारणीत मनोरमाबाईंचा मोठा वाटा होता. गुलबर्गा आणि आदिलाबाद ही एकाच संस्थानाची दोन टोके. १९०५ मध्ये आदिलाबाद हे जिल्ह्याचे नाव झाले तेव्हा किनवट आणि राजुरा हे मराठी तालुकेही त्यात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते तालुके पैनगंगा-वर्धेकडच्या आपल्या भाषिकांत गेले, आणि इकडे उरलेल्या मराठी घरांनी ग्रंथांच्या आधाराने भाषा टिकविली. मुलींच्या शिक्षणाला अनुकूल नसलेल्या त्या संस्थानी वातावरणात शाळा काढणे किती अवघड होते, हे या घरांतील वडीलधाऱ्यांना सांगावे लागणार नाही.

१९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिले. त्यांची वस्त्रे मात्र तीच पांढरी, साधी राहिली. संस्थेचा भार मनोरमाबाईंवर सोपवावा, असे त्यांच्या मनात होते. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई वयाच्या चाळिसाव्या वर्षी वारल्या. आई, वडील, बहीण, भाऊ, पती यांना पोचविलेल्या रमाबाईंनी एकुलत्या मुलीलाही पोचविले आणि पुन्हा मुद्रिते हाती घेतली. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचा देहान्त झाला. भाषांतर पुरे झाले होते, छपाई पुरी व्हायची होती. छापखान्यातील स्त्रियांनी काम चालू ठेवले आणि १९२४ मध्ये मुक्ती छापखान्यातून संपूर्ण मराठी बायबल बाहेर पडले.